सर दोराबजी टाटा : जीवन परिचय (आपल्या रायगडशी असलेल्या नात्यासह)

विद्यार्थी मित्रांनो, रोह्याहून दिव्याला जाणारी गाडी तुम्ही पाहिली असेल. नागोठणे, पेण, आपटा करत ती पनवेलला येते. या गाडीत नोकरदार असतात, भाजीवाल्या असतात, आणि हातात जाड फाइल घेतलेले काही प्रवासीही असतात. पनवेलला उतरून ते लोकलने खारघरला किंवा पुढे परळला जातात. कुठे? तर टाटा रुग्णालयात. आपल्याकडे नुसतं 'टाटाला नेलंय' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला आजार कळतो. पण हे रुग्णालय उभं राहण्यामागे ज्यांचं दान आहे, त्या माणसाची माहिती फार थोड्यांना असते. आज आपण त्यांचाच परिचय करून घेऊ.

जन्म आणि शिक्षण

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. जमशेटजी आणि हिराबाई यांचे ते थोरले चिरंजीव. मुंबईत शालेय शिक्षण झाल्यावर ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजमध्ये दोन वर्षं शिकले. १८७९ मध्ये परत येऊन १८८२ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवी घेतली. वडिलांची गिरणी असूनही ते लगेच गादीवर बसले नाहीत. आधी दोन वर्षं वर्तमानपत्रात बातमीदारी केली आणि मग १८८४ मध्ये वडिलांच्या कापड व्यवसायात आले.

१८९८ मध्ये त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांच्या त्या आत्या. मेहेरबाई उत्तम टेनिस खेळत. स्त्रियांचं शिक्षण आणि बालविवाहबंदी यांसाठीही त्यांनी काम केलं.

वडिलांची अपुरी कामं

१९०४ मध्ये जमशेटजी वारले. पोलाद कारखाना, पाण्यापासून वीज आणि विज्ञान संस्था ही त्यांची तीन स्वप्नं तेव्हा कागदावरच होती. दोराबजींनी ती एकेक करून पुरी केली. १९०७ मध्ये पोलाद कंपनी स्थापन झाली, १९०९ मध्ये बंगळूरची विज्ञान संस्था स्थापन झाली आणि १९१० मध्ये वीज कंपनी सुरू झाली. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

आता रायगडचा नकाशा काढून बघा. टाटांची पहिली तीन जलविद्युत केंद्रं आपल्याच जिल्ह्यात आहेत : खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७). घाटावर पाणी अडवायचं, मोठ्या नळांतून ते कोकणात उतरवायचं आणि त्या जोरावर जनित्रं फिरवायची, अशी ही रचना. भिऱ्याला वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी कुंडलिकेत येतं आणि कोलाड, रोहा करत समुद्राला मिळतं. कोलाडला पर्यटक राफ्टिंग करतात ते याच पाण्यावर.

पण मित्रांनो, या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीला धरण बांधलं गेलं आणि त्यात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी व घरं पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. लोक तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. थोर माणसाचं चरित्र वाचताना असं पानही उलटून जाऊ नये. दान मोठं म्हणून ज्यांचं नुकसान झालं ते लहान ठरत नाही.

संकट आणि हिरा

१९२४ मध्ये पोलाद कंपनी बुडायच्या बेतात आली. पगाराला पैसे नव्हते. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे १ कोटी रुपयांची खाजगी मालमत्ता बँकेकडे गहाण ठेवली. त्यात मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा 'ज्युबिली' हिराही होता. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा! कर्ज मिळालं, कारखाना वाचला आणि हिराही परत आला.

खेळासाठीही त्यांनी असाच हात सैल सोडला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ जावा म्हणून त्यांनी स्वतः पैसा घातला. त्या संघात फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार हे धावपटू आणि रणधीर शिंदे, कुमार नवले हे मल्ल होते.

मेहेरबाईंचं आजारपण आणि मोठं दान

मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. पैशाची कमी नव्हती, तरीही उपयोग झाला नाही. १८ जून १९३१ रोजी वेल्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं ५१. दोराबजींना मूलबाळ नव्हतं.

यानंतर त्यांनी काय केलं, ते नीट वाचा. मार्च १९३२ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्ट स्थापन केला आणि आपली जवळजवळ सगळी संपत्ती, कंपनीतल्या समभागांसह, त्याच्या नावे केली. रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी त्यांनी पत्नीच्या नावानं वेगळा ट्रस्टही केला. थोड्याच दिवसांत, ३ जून १९३२ रोजी, युरोपच्या प्रवासात जर्मनीत त्यांचं निधन झालं. पत्नीच्या समाधीचं दर्शन घ्यायला ते निघाले होते. इंग्लंडमध्ये ब्रुकवूड येथे दोघं शेजारी शेजारी चिरविश्रांती घेत आहेत.

गहाणातून सुटलेला तो हिरा पुढे विकला गेला आणि त्याचे पैसे ट्रस्टमध्ये जमा झाले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथे ८० खाटा होत्या.

ट्रस्ट म्हणजे नेमकं काय?

एखाद्याला हातात पैसे दिले तर ते एकदाच उपयोगी पडतात. ट्रस्टमध्ये मूळ धन राखून त्याचं उत्पन्न वर्षानुवर्षं वापरलं जातं आणि विश्वस्तांना त्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून देणारा गेला तरी देणं थांबत नाही. याच ट्रस्टनं १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था काढली. टाटा रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. त्याचंच संशोधन व उपचार केंद्र आज खारघरला, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यात आहे.

हे तुमच्या घरी सांगा

समजा, पेणच्या गणपती कारखान्यातल्या एखाद्या कारागिराला मोठा आजार निघाला. घरचे आधी काय करतात? दागिने मोडतात, नाहीतर जमीन विकायला काढतात. तसं करण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जायला सांगा. तिथले वैद्यकीय समाजसेवक कोणती सरकारी योजना बसते आणि कोणत्या ट्रस्टकडे अर्ज करायचा ते सांगतात. रेशनकार्ड, आधारकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांनी दिलेला खर्चाचा अंदाज ही कागदपत्रं जवळ ठेवावीत. ट्रस्टची मदत बहुतेक वेळा थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. त्यामुळे मंजूर करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला काही देऊ नये.

शिवाय महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, असा नियम आहे. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. हा रुग्णाचा हक्क आहे. तो मागायला लाजू नये.

मित्रांनो, दोराबजींकडे सर्व काही होतं, तरी पत्नीचा जीव त्यांना वाचवता आला नाही. पण त्या दुःखातून त्यांनी अशी सोय करून ठेवली, की आज रोह्याच्या शेतमजुरालाही उपचाराचं दार उघडं आहे.

स्वाध्याय

१. दोराबजींनी पुरी केलेली जमशेटजींची तीन कामं लिहा.
२. रायगडच्या नकाशात खोपोली, भिवपुरी व भिरा दाखवा.
३. मुळशी सत्याग्रह का झाला? वर्गात चर्चा करा.
४. तुमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा विभाग आहे का, याची माहिती मोठ्यांच्या मदतीने मिळवा.