गणपतीच्या मातीतून घडला हात, एकसंध ओतला शिवरायांचा पुतळा. कोण होते नानासाहेब करमरकर?

पुण्यातल्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा प्रसिद्ध आहे. तो घडवणारे विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर घडले ते मात्र छोट्या गणेशमूर्तींच्या मातीत.

सुरुवात कुठे झाली?
अलिबागजवळच्या सासवणे गावात १८९१ मध्ये त्यांचा जन्म झाला. घरात गणपती व्हायचे. मातीकामाचे पहिले धडे तिथलेच.

कलाटणी कशी मिळाली?
देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवरायांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी पाहिलं. त्यांच्या मदतीने ते मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे कोलकात्यात स्टुडिओ थाटला, लंडनमध्येही शिक्षण घेतलं.

पुतळा खास का?
साडेतेरा फुटांचा हा ब्राँझचा पुतळा १९२८ मध्ये माझगावला एकसंध ओतला गेला. सुटे भाग जोडायचे असतील तर बिघडलेला भाग पुन्हा ओतता येतो. इथे ती सोय नव्हती. धातू मध्येच थिजला असता, तर सगळी मेहनत वाया गेली असती.

आज काय पाहता येतं?
करमरकरांचं १९६७ मध्ये निधन झालं. सासवण्याचं त्यांचं घर आता शिल्पालय आहे. तिथली बरीच शिल्पं साध्या सिमेंटची आहेत, आणि त्यात गावातली माणसं-जनावरंही आहेत.