हत्तीचं नाणं आणि गौतमीपुत्र राजा

मागच्या पावसाळ्यात आमच्या वावराच्या धुऱ्यावर मला एक काळं नाणं सापडलं. आपल्या कौंडण्यपूरच्या पांढरीत खापरं नेहमीच निघतात, पण नाणं पाहून मी पळतच घरी गेलो. आजी म्हणे चांदीचं असंल, चांदी मातीत काळीच पडते. मी चिंच लावून खूप घासलं. बाजाराच्या दिवशी बाबांनी ते सोनाराला दाखवलं. कसोटीवर चांदीची ओळ पांढरी उमटते, याची तांबूस उमटली. फरशीवर टाकलं तर खणखणलं नाही, नुसतं थड वाजलं. बाबा फेकूनच देणार होते. मी ते गुरुजींकडे नेलं. भिंगातून सोंड वर केलेला हत्ती दिसला. मागच्या बाजूला फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. अशी नाणी गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याच्यानंतरच्या सातवाहन राजांची असतात.

गौतमीपुत्र सुमारे १९०० वर्षांपूर्वी होऊन गेला. आईचं नाव गौतमी बलश्री, म्हणून तो गौतमीपुत्र. तेव्हा नाशिककडचा मुलूख नहपान राजानं बळकावला होता. गौतमीपुत्रानं त्याला हरवून तो परत घेतला. नहपानाची नाणी चांदीची, त्यांवर त्याचं तोंड. ती वितळवत न बसता या राजानं त्याच तोंडावर आपला शिक्का ठोकला आणि नाणी पुन्हा चालू केली! १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १३ हजारांवर नाणी सापडली, त्यांत ९ हजारांवर अशी दोनदा ठोकलेली होती. मला ही युक्ती फार आवडली.

आपल्या वऱ्हाडात मात्र त्याची तांबं, कथील आणि शिसं मिसळून केलेली नाणी चालत. या धातूला पोटीन म्हणतात. १९३९ साली तऱ्हाळ्याला (तेव्हा अकोला जिल्हा, आता वाशीम) अशी दीड हजारांवर नाणी निघाली, त्यांत शेकड्यांनी याच राजाची. चांदी नाही म्हणून ती खोटी नव्हती. राजानंच काढलेली होती.

राजा मोठा लढवय्या, पण शेतीकडंही त्याचं लक्ष असे. नाशिकच्या लेण्यातल्या भिक्षूंना दिलेलं वावर पडीक राहिलं, गाव ओस पडलं, हे कळल्यावर राज्याच्या २४ व्या वर्षी त्यानं आणि आईनं मिळून त्यांना सरकारी जमीन द्यायचा हुकूम काढला. तो वारल्यावर नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी म्हाताऱ्या बलश्रीनं तिथंच लेख कोरवला. त्यात लेकाच्या देशांची नावं आहेत आणि त्यांत आपला विदर्भही आहे. रयतेच्या सुखदुःखात तो आपलं सुखदुःख मानी, असंही त्या माउलीनं लिहवून ठेवलं.

गुरुजींनी नाणं तिवस्याला तहसील कचेरीत जमा केलं. हत्तीच्या वर ब्राह्मी अक्षरांत राजाचं नाव असतं. माझ्या चिंचेनं ती अक्षरं पार गेली. त्यामुळं ते गौतमीपुत्राचं की त्याच्यामागून आलेल्या कोणाचं, हे आता कोणालाच सांगता येत नाही.