कच्चे मडके, पक्के मडके

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. गाव फार जुने. दोन हजार वर्षांपूर्वी त्याला तगर म्हणत. त्या काळी येथील माल बैलगाड्यांतून भडोच बंदराला जाई आणि तेथून जहाजाने समुद्रापार जाई. तेरच्या जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी मोठ्या हौसेने जमवल्या. आज त्या गावातील संग्रहालयात पाहायला मिळतात. त्यांत मातीच्या सुंदर मूर्ती आहेत आणि मडक्यांची खापरेही आहेत. तेरची माती आणि तेरचे कुंभार यांचे नाते इतके जुने आहे.

याच गावात सुमारे सातशे वर्षांपूर्वी संत गोरा कुंभार होऊन गेले. त्यांचा जन्म 1267 साली झाला असे मानतात. ज्ञानेश्वर, नामदेव, मुक्ताबाई हे संत त्यांच्याच काळातले. या सर्वांत गोरोबा वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. लोक आजही त्यांना गोरोबाकाका म्हणूनच ओळखतात. ते विठ्ठलाचे भक्त होते. पण भक्तीसाठी त्यांनी आपला धंदा सोडला नाही. माती आणावी, ती तुडवावी, चाक फिरवावे, मडकी भाजावीत आणि काम करता करता विठ्ठलाचे नाव घ्यावे, असा त्यांचा दिवस जाई.

कुंभाराचे काम तुम्ही कधी जवळून पाहिले आहे का? चाकावरून उतरवलेले मडके जाड आणि ओलसर असते. ते थोडे सुकले, की कुंभार एक हात मडक्याच्या आत घालतो. त्या हातात एक गोल, गुळगुळीत दगड असतो. दुसऱ्या हातात लाकडाचे थापटणे असते. बाहेरून थापटण्याचा मार बसतो आणि त्याच जागी आतून दगडाचा आधार मिळतो. नुसता मार दिला तर मडके फुटेल. नुसता आधार दिला तर ते जाडच राहील. मारणारा आणि सांभाळणारा हात एकाच माणसाचे असतात, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे मडके सावलीत वाळवतात आणि आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजतात. पाण्याने मऊ केलेली माती शेवटी आगीने पक्की होते. मडके नीट भाजले की नाही, हे कुंभार त्यावर टिचकी मारून ओळखतो. पक्के मडके खणखणीत वाजते, कच्चे बद्द वाजते.

आता गोरोबांची प्रसिद्ध कथा ऐका. एकदा सगळे संत तेरला गोरोबांच्या घरी जमले होते. मुक्ताबाई तेव्हा लहान होत्या. त्यांची नजर कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेली. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले. याने मडकी कच्ची की पक्की ते कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग माणसांचीही परीक्षा करा, असा मुक्ताबाईंनी हट्ट धरला. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत चालले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र त्यांना राग आला. आपण विठ्ठलाचे लाडके भक्त, आणि आपल्यालाच असे मारावे! गोरोबांनी निकाल दिला, की हे मडके अजून कच्चे आहे.

कच्चा आणि पक्का हे शब्द उर्दूतही आहेत, तेव्हा त्यांचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. कच्चा म्हटले की आपल्याला कमीपणा वाटतो. नामदेवांनाही वाटला. ते रडत रडत पंढरपूरला परतले, असे कथा सांगते. पण कुंभाराला विचारा. भाजलेल्या मडक्याला तडा गेला तर त्याचे खापर होते. त्याची पुन्हा माती होत नाही, म्हणून तर तेरची खापरे दोन हजार वर्षे टिकली. कच्चे मडके बिघडले तर ते पाण्यात भिजवता येते, तुडवता येते, पुन्हा चाकावर चढवता येते. गोरोबांचा शब्द कठोर होता यात शंका नाही. तरी त्या शब्दाने नामदेवांची वाट बंद झाली नाही. ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले. देव फक्त पंढरपूरच्या देवळात नाही, तो सगळीकडे आहे, हे त्यांना तेथे उमगले. पुढे ते पंजाबपर्यंत फिरले. शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत.

इतरांची पारख करणाऱ्या गोरोबांच्या हातूनही एकदा भयंकर चूक झाली होती. ती कथा सांगताना आजही लोकांचे डोळे भरून येतात. त्यांची पत्नी संती पाणी आणायला गेली होती. गोरोबा डोळे मिटून, भजनात रंगून माती तुडवत होते. तान्हे मूल रांगत मातीत आले आणि पायांखाली सापडले. गोरोबांना ते कळलेही नाही. संती परत आली आणि तिने आकांत केला. विठ्ठलाच्या कृपेने मूल परत मिळाले, असा कथेचा शेवट आहे. तरी त्या आईचा संताप कथेने झाकला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. भजनात मन लागणे चांगले. पण त्या दिवशी घरात एक जागा डोळा हवा होता.

गोरोबांनी 1317 साली तेर येथेच देह ठेवला, असे मानतात. त्यांचे थोडेच अभंग आज मिळतात. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. दरवर्षी चैत्र महिन्यात तेथे यात्रा भरते. चैत्र म्हणजे ऐन उन्हाळा. याच दिवसांत घरोघरी नवा माठ येतो, आणि घेणारा तो हातात धरून आधी वाजवून पाहतो.