फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि रुग्णाचें ताट

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें नांव उच्चारतांच हातांत दिवा घेऊन रात्रीं रुग्णालयांतून फिरणारी स्त्री आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें उभी राहते. तें चित्र खोटें नव्हे. परंतु आज आम्ही त्या दिव्याविषयीं न लिहितां बाईंच्या चुलीविषयीं लिहिणार आहों, कारण चरित्राचा तो भाग सहसा मागें पडतो.

बाईंचा जन्म ता. १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं एका सधन इंग्रज कुटुंबांत झाला, व शहराचेंच नांव मुलीस ठेवण्यांत आलें. त्या काळीं इंग्लंडांत शुश्रूषेचें काम हलकें समजत; त्यामुळें घरच्या मंडळींचा मोठा विरोध झाला. तरी १८५१ सालीं जर्मनींतील कायझर्सवर्थ येथें ख्रिस्ती सेविकांच्या संस्थेंत राहून त्यांनीं तें शिकून घेतलेंच.

पुढें क्रिमियाचें युद्ध जुंपलें, आणि १८५४ च्या नोव्हेंबरांत बाई ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानांतील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयांत दाखल झाल्या. तेथील भोजनव्यवस्था वाचून हसावें कीं रडावें हें कळत नाहीं. मांसाचे वांटे हाडांसकट तोलून देत. एखाद्या रोग्याच्या नशिबीं नुसतें हाडूकच येई. आपला वांटा ओळखतां यावा म्हणून त्यास खूण बांधून सर्व वांटे मोठ्या हंड्यांत एकत्र उकळीत. कोणाचा कच्चा निघे, कोणाचा चोथा होई. त्याच हंड्यांत पुढें चहा होत असे. अतिसारानें गळून गेलेल्या माणसापुढें असलें अन्न ठेवणें म्हणजे त्यास उपाशी ठेवणेंच होय. हाडें काढून मांस वांटावें असें बाईंनीं सुचविलें, तेव्हां त्यासाठीं लष्कराचा नवा नियम करावा लागेल असें उत्तर मिळालें!

बाईंनीं निराळ्या चुली मांडून अशक्त रोग्यांसाठीं हलकें अन्न शिजविण्यास आरंभ केला. मात्र डॉक्टरांनीं लिहून दिल्यावांचून कोणास कांहीं द्यावयाचें नाहीं, हें बंधन परिचारिकांकडून कसोशीनें पाळविलें. १८५५ सालीं अलेक्सिस सॉयर हे लंडनचे नामांकित आचारी तेथें आले व त्यांनीं शिपायांच्या नेहमींच्याच शिध्यांतून रुचकर जेवण करून दाखविलें. येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे कीं, केवळ अन्नानें मृत्यू थांबले नाहींत. त्या वर्षीं मार्चपासून गटारें व पाणी यांची सफाई झाली, तेव्हां मृत्युसंख्या झपाट्यानें उतरली. आणि युद्धानंतर आंकडे तपासून बाईंनीं स्वतःच हें सरकारपुढें मांडलें.

१८५७ नंतर बाई स्वतःच दीर्घकाळ अंथरुणास खिळल्या. १८५९ च्या अखेरीस त्यांचें शुश्रूषेवरील लहानसें पुस्तक निघालें; त्यांत अन्नावर दोन स्वतंत्र प्रकरणें आहेत. अन्नाची रेलचेल असतांही रोगी उपाशी मरतात, कारण तो कोणत्या वेळीं खाऊं शकेल याकडे कोणी पाहत नाहीं, असें त्यांचें निदान होतें. फार अशक्त माणसास सकाळीं अकरापूर्वीं घट्ट अन्न जात नाहीं; त्यास तासातासानें चमचाभर पातळ पदार्थ द्यावा. न खाल्लेलें ताट उशाशीं ठेवून जाऊं नये. पेल्यांतून बशींत सांडूं देऊं नये. मांसाच्या पातळ रसावर लोकांचा फार भरंवसा असे, पण तो आटविल्यास घन अंश किती थोडा उरतो तें बाईंनीं दाखवून दिलें. तापकरी मुलाच्या उशाशीं पेजेची वाटी घेऊन ज्या मातांनीं रात्र काढली आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. नवल हें कीं, पगारी परिचारिकेनेंही हें जाणलेंच पाहिजे, असा बाईंचा आग्रह होता. ताट पोंचविलें म्हणजे काम संपलें, ही वृत्ति त्यांस मुळींच खपत नसे.

१८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत बाईंच्या नांवें शिक्षणशाळा निघाली. तेथील उमेदवार मुलींस जखमा बांधणें व बिछाना घालणें यांबरोबरच रोग्याची पेज, पुडिंग व पेयें करतां आलीं पाहिजेत, आणि रोग्याची भूक व आहाराचा परिणाम यांवर बारकाईनें नजर ठेवतां आली पाहिजे, असें त्यांच्या कर्तव्यांच्या यादींतच लिहिलेलें होतें. ता. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, बाईंचें लंडन येथें देहावसान झालें.