मोटारवीर तात्सिओ नुवोलारी

धाडस आणि अविचार या दोन गोष्टी दुरून पाहणारास एकसारख्याच दिसतात. दोहोंतील भेद कळावयास कृतीच्या आंत शिरून पाहावें लागतें. इटली देशांतील सुप्रसिद्ध मोटारवीर तात्सिओ नुवोलारी याचें चरित्र या दृष्टीनें मोठें उद्बोधक आहे. भरधांव मोटार वळणावर जाणूनबुजून घसरवीत नेणें हें त्याचें वैशिष्ट्य होतें. पाहणारांस वाटे, आतां ही गाडी उलटणार. परंतु ती तिरपी होऊन वळणाबाहेर पडे व क्षणार्धांत सरळ मार्गास लागे. हें वेड होतें कीं विद्या होती, हा प्रश्न आज आम्ही आमच्या वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

नुवोलारीचा जन्म १६ नोव्हेंबर १८९२ रोजीं उत्तर इटलींतील मान्तुआ शहराजवळ कास्तेल दारिओ या गांवीं झाला. त्याचे वडील आर्तुरो व चुलते जुझेप्पे हे दोघेहि सायकलच्या शर्यतींत नांवाजलेले होते. चाकांचें वेड अशा रीतीनें घरांतच होतें. पहिल्या महायुद्धांत त्यानें सैन्यासाठीं मोटार हांकण्याचें काम केलें. १९१७ सालीं कारोलिना नांवाच्या तरुणीशीं त्याचा विवाह झाला व यथाकाल त्यांस दोन पुत्र झाले. शर्यतींत तो उतरला तो १९२० सालीं, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं. बांधा ठेंगणा, अंग सडपातळ. पाहतांक्षणीं कोणी त्याला वीर म्हटलें नसतें.

आरंभीं तो मोटारसायकलवर बसे. त्या काळीं रस्ते धुळीचे व खडीचे असत आणि अशा रस्त्यावर मागचें चाक घसरणें ही नित्याचीच गोष्ट होती. त्या घसरणीची भीति न बाळगतां तिच्याशीं ओळख करून घेण्याची संवय त्यास येथेंच लागली असावी. १९२५ सालीं ३५० सी. सी. वर्गांत तो युरोपचा विजेता ठरला. त्याच वर्षीं मोंझा येथें आल्फा रोमिओची मोटार चालवून पाहतांना भयंकर अपघात होऊन तो जबर जखमी झाला. तरीहि थोड्याच दिवसांनीं, मोटारसायकलवर बसतां येईल अशा बेतानें अंगास पट्ट्या बांधून घेऊन, तो त्याच ठिकाणच्या शर्यतींत उतरला आणि ती जिंकला. हें अनुकरणीय आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याच्या निश्चयाचें स्वरूप कळावें, एवढ्यासाठींच तें येथें सांगितलें.

आतां त्याच्या विद्येकडे वळूं. ती समजण्यास थोडें यंत्रशास्त्र पाहिलें पाहिजे. त्या वेळच्या शर्यतीच्या मोटारींत एंजिनची शक्ति मागच्या चाकांस मिळे. पुढचीं चाकें दिशा देण्यापुरतीं असत. टायर अरुंद असत व ब्रेक आजच्या मानानें दुबळे. गतिमान् वस्तु सरळ रेषेंतच जाऊं पाहते. वळणावर गाडीला वळवितें तें टायर व रस्ता यांमधील घर्षण. या पकडीला मर्यादा असते. वेग त्या मर्यादेपलीकडे गेला, किंवा मागच्या चाकांस एकदम अधिक शक्ति मिळाली, कीं तीं घसरूं लागतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूस फेंकला जातो. अशा वेळीं नवशिका घाबरून पेट्रोल एकदम बंद करतो. त्याबरोबर गाडीचा भार पुढें झुकतो, मागचीं चाकें हलकीं होतात, त्यांची उरलीसुरली पकडहि सुटते आणि गाडी भोंवऱ्यासारखी गरगर फिरते. जाणता सारथि घसरणीच्या दिशेस सुकाणू किंचित् वळवितो आणि पेट्रोल मोजून देत राहतो. मग गाडी आपोआप सांवरते.

नुवोलारी घसरण येण्याची वाटच पाहत नसे. ती तो स्वतः घडवून आणी. इतर लोक ज्या ठिकाणीं गाडी वळवीत, त्याच्या बरेंच अगोदर तो तिचें तोंड वळणाच्या आंतल्या कांठाकडे करी आणि पेट्रोल कमी न करतां उलट वाढवी. मग चारही चाकें एकदम बाहेरच्या बाजूस सरकूं लागत. मागच्या चाकांचा रेटा तिला पुढें ढकलीत असे आणि सरकतां सरकतां ती वळण पुरें करी. वळण संपतें न संपतें तोंच तिचें तोंड पुढच्या सरळ रस्त्याकडे झालेलें असे. इतरांनीं जो वेग वळणानंतर घ्यावा, तो हा वळणांतच घेऊं लागे. एंझो फेरारी, जो पुढें मोटारींचा जगद्विख्यात कारखानदार झाला, त्यानें १९३१ सालीं एका शर्यतीपूर्वीं नुवोलारीच्या शेजारीं बसून हें प्रत्यक्ष पाहिलें आणि आपल्या आठवणींत लिहून ठेवलें. पहिल्याच वळणावर गाडी आतां खड्ड्यांत जाणार असें वाटून त्यानें अंग आंखडून घेतलें. पण गाडी सरळ रस्त्यावर येऊन उभी ठाकली होती. शेजारच्या सारथ्याच्या मुद्रेवर मात्र कसलाच विकार नव्हता. पुढच्या प्रत्येक वळणावर तेंच घडलें.

या विद्येच्या बळावर त्यानें १९३० व १९३३ सालीं मिल्ले मिलिया ही सुमारें हजार मैलांची शर्यत आणि १९३१ व १९३२ सालीं सिसिली बेटांतील तार्गा फ्लोरिओ ही डोंगराळ मार्गावरील शर्यत जिंकली. १९३२ सालीं दानुंत्सिओ या इटालियन कवीनें त्यास सोन्याचें एक लहानसें कांसव भेट दिलें. सर्वांत वेगवान् मनुष्यास सर्वांत मंद प्राणी, असा त्यांत विनोद होता. तें कांसव नुवोलारीनें जन्मभर आपलें चिन्ह म्हणून मिरविलें.

परंतु त्याचा खरा कस लागला तो २८ जुलै १९३५ रोजीं, जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंग येथें. हा मार्ग जवळजवळ २३ किलोमीटर लांबीचा. त्यावर दीडशेंहून अधिक वळणें. आणि फेऱ्या २२ करावयाच्या. मर्सिडीज व ऑटो युनियन या जर्मन कारखान्यांच्या मिळून नऊ मोटारी उतरल्या होत्या. मर्सिडीजचें एंजिन सुमारें ४ लिटरचें, ऑटो युनियनचें सुमारें ५ लिटरचें. आणि नुवोलारीची आल्फा रोमिओ ३·२ लिटरची, तींहि जुन्या घडणीची. सरळ रस्त्यावर तिचा निभाव लागणें शक्य नव्हतें. पावसानें रस्ता ओला झाला होता. वळणा-वळणावर जें मिळेल तें मिळवीत नुवोलारी आघाडीस आला; इतक्यांत पेट्रोल भरण्याचा पंप बिघडला! डब्यांनीं पेट्रोल ओततां ओततां दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला आणि तो सहावा झाला. त्यानें धीर सोडला नाहीं. एकेकास मागें टाकीत शेवटच्या फेरीच्या आरंभीं तो दुसरा होता. पुढें फक्त फॉन ब्राउखिच, तोहि सुमारें अर्ध्या मिनिटानें. मागें नुवोलारी सारखा येत असल्यामुळें ब्राउखिचला वेग कमी करवेना. शेवटीं त्याच्या जड व प्रबळ मोटारीचा झिजलेला टायर फुटला आणि लाखों जर्मन प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत इटलीची ती जुनी मोटार पहिली आली.

१९३८ सालीं नुवोलारीस ऑटो युनियनची मोटार मिळाली. तिचें एंजिन सारथ्याच्या पाठीमागें असे. त्यामुळें भार मागें पडून तिची घसरण अगदीं निराळ्या तऱ्हेची होई. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं या मनुष्यानें आपली जुनी विद्या बाजूस ठेवून पुन्हां धडे घेतले, आणि त्याच वर्षीं मोंझा व इंग्लंडांतील डॉनिंग्टन या दोन्ही ठिकाणीं तो विजयी झाला.

येथवरचें चरित्र यशाचें आहे. पण तेवढेंच सांगून थांबणें हें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९३७ सालीं त्याचा थोरला मुलगा जॉर्जिओ अठराव्या वर्षीं आजारानें वारला. त्या समयीं पिता अमेरिकेंतील शर्यतीसाठीं समुद्रावर होता. १९४६ सालीं धाकटा आल्बेर्तो हाहि त्याच वयांत गेला. वर्षानुवर्षें एंजिनचा धूर छातींत गेल्यामुळें नुवोलारीचीं फुप्फुसें खराब होऊन रक्त पडूं लागलें. तरीहि १९४८ सालीं, पंचावन्नाव्या वर्षीं, तो मिल्ले मिलियांत उतरला. वाटेंत बॉनेट व एक मडगार्ड निखळून पडलें, तरी तो आघाडीवर होता. शेवटीं गाडीनेंच दम सोडला. घरीं रिकाम्या झालेल्या खोल्यांपेक्षां त्यास रस्ता जवळचा वाटला असेल काय? पालकवर्गास या प्रश्नाचें उत्तर आमच्यापेक्षां अधिक कळेल. ११ ऑगस्ट १९५३ रोजीं मान्तुआ येथें त्याचें देहावसान झालें. हजारों लोक अंत्ययात्रेस लोटले आणि आस्कारी, विल्लोरेसी व फान्जिओ हे तत्कालीन श्रेष्ठ मोटारवीर शवपेटिकेबरोबर चालले.

पुढें टायर रुंद झाले, तेव्हां शर्यतींत वेगाचें साधन म्हणून घसरणीचें महत्त्व कमी झालें. तथापि जपानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ड्रिफ्टिंग या नांवाचा स्वतंत्र खेळच निघाला व त्यासाठीं आजहि मुख्यतः मागच्या चाकांस शक्ति मिळणारी मोटारच वापरतात.

तर मग नुवोलारीचें कृत्य वेड होतें कीं विद्या? आमच्या मतें ती विद्या होती, कारण ती वर्षानुवर्षांच्या अभ्यासानें आली होती, शर्यतीच्या राखून ठेवलेल्या मार्गावर चालली होती, आणि गाडी केव्हां घसरेल हें तो नेमकें जाणत होता. आमचे कांहीं विद्यार्थी सायकलचें मागचें चाक खडीवर मुद्दाम घसरवितात व कांहीं दिवसांनीं मोटारीहि हांकतील. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं बाजाराच्या रस्त्यावर दुसऱ्यांचीं लेंकरें चालत असतात. तेथें हाच प्रकार निव्वळ अविचार होय. घेण्यासारखें आहे तें दुसरेंच. पाय निसटूं लागला असतां हातपाय न गाळतां, घाईनें सर्व सोडून न देतां, दृष्टि पुढच्या मार्गावर ठेवून मोजकेंच तें करीत राहावें. परीक्षेंत, धंद्यांत किंवा घरच्या अडचणींत असा प्रसंग प्रत्येकावर येतो. आणि त्याची तयारी त्या क्षणीं होत नसते, ती फार आधीं करून ठेवावी लागते.