सूक्ष्म लहरींचे आद्य संशोधक जगदीशचंद्र बोस

मोबाइलच्या पाचव्या पिढीसाठी २०२२ मध्ये देशात स्पेक्ट्रमचा लिलाव झाला, तेव्हा २६ गिगाहर्ट्‌झचा पट्टाही विक्रीस होता. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या या लहरींच्या घराण्याचा पहिला कसून अभ्यास सव्वाशे वर्षांपूर्वी कोलकात्यात झाला होता. तो करणारे आचार्य जगदीशचंद्र बोस.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी आजच्या बांगलादेशात त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी अधिकारी. तरीही त्यांनी मुलाला प्रथम बंगाली शाळेत घातले. पुढे कोलकात्याचे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि केंब्रिज येथे शिकून जगदीशचंद्र १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. युरोपीय अध्यापकांपेक्षा त्यांना कमी वेतन देऊ करण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि तीन वर्षे विनावेतन शिकवले. अखेर सरकारला नमते घेऊन मागील थकबाकीसह पूर्ण वेतन द्यावे लागले.

महाविद्यालयात धड प्रयोगशाळा नव्हती. लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराच्या मदतीने त्यांनी उपकरणे घडवली. विद्युतचुंबकीय लहरी प्रकाशाप्रमाणेच वागतात, हे त्यांना पडताळायचे होते. लहर जितकी आखूड, तितकी उपकरणे लहान. म्हणून त्यांनी सुमारे ५ मिलिमीटर लांबीपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या. त्या वाहून नेणाऱ्या पोकळ नळ्या, कर्ण्याच्या आकाराचे अँटेना आणि गॅलिना या खनिजाचा शोधक अशी सामग्री त्यांनी योजली. तागाच्या पिळलेल्या जुड्याही प्रयोगाला कामी आल्या. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तारेविना दूरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

शोधातून धन मिळवणे त्यांना रुचत नव्हते. स्नेह्यांच्या आग्रहास्तव गॅलिना शोधकासाठी अमेरिकेत अर्ज झाला आणि १९०४ मध्ये पेटंट मिळाले. परंतु त्याचा आर्थिक लाभ त्यांनी घेतला नाही. दरम्यान बिनतारी संदेशवहनाचा व्यापार दूरवर जाणाऱ्या लांब लहरींच्या मागे गेला आणि आखूड लहरी बाजूला पडल्या. बोसही वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस संस्था स्थापन केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

मोबाइलच्या वापराने खालचे पट्टे गजबजले, तेव्हा अभियंत्यांना या आखूड लहरींकडे परतावे लागले. तेथे रुंद पट्टा मोकळा असल्याने प्रचंड माहिती वेगाने पाठवता येते. मात्र काँक्रीटच्या भिंती, झाडी आणि पाऊस या लहरींना क्षीण करतात. म्हणून जवळजवळ लहान केंद्रे उभारावी लागतात आणि अनेक अँटेनांच्या साहाय्याने लहरींचा झोत ग्राहकाच्या दिशेने वळवावा लागतो.

ज्या लहरींच्या पट्ट्यांसाठी आज कंपन्या कोट्यवधी रुपये मोजतात, त्यांच्या पहिल्या अभ्यासकाने त्यातून काहीच कमावले नाही. ज्ञान सर्वांचे असते, या त्यांच्या धारणेची किंमत त्यांनी स्वतः चुकवली. त्याचे फळ मात्र आज साऱ्या जगाच्या हाती आहे.