हार्ट ट्रान्सप्लांटमुळे आठवतात, पण डॉ. पी. के. सेन यांचं टिकलेलं काम होतं महाधमनीवरचं

तारीख १६ फेब्रुवारी १९६८. ठिकाण मुंबईतल्या परळचं केईएम हॉस्पिटल.

डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केपटाऊनमध्ये जगातलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट करून तीन महिनेही झाले नव्हते. तेवढ्यात केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या टीमने भारतातलंच नाही, तर आशियातलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट केलं.

पण पेशंट काही तासच जगला. त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या प्रयत्नातही यश आलं नाही. सेन यांचं नाव निघालं की बहुतेकांना एवढंच आठवतं. त्यांचं जे काम खऱ्या अर्थाने टिकलं, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. ते काम होतं महाधमनीवरचं.

सेन यांचा जन्म १९१५ साली कोलकात्यात झाला, बालपण नागपुरात गेलं. डॉक्टर व्हायला ते मुंबईला आले आणि जीएस मेडिकल कॉलेज व केईएमचेच होऊन गेले. पुढे रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत सर्जरीचं नवं तंत्र शिकले आणि परत केईएमलाच आले.

आता महाधमनी म्हणजे काय, ते बघू. हृदयातून निघून छातीतून पोटात उतरणारी ही शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. पोटात तिची जाडी साधारण २ सेंटिमीटर असते. भिंत कमजोर झाली की ती फुग्यासारखी फुगते. ३ सेंटिमीटरच्या वर गेली की डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. हा फुगा बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही, पण फुटला तर अनेक पेशंट हॉस्पिटलपर्यंतही पोचत नाहीत. अल्बर्ट आइन्स्टाइन १९५५ मध्ये याच आजाराने गेले. त्याआधी १९५१ मध्ये पॅरिसला डॉ. शार्ल द्यूबो यांनी फुगलेला भाग काढून तिथे दात्याची रक्तवाहिनी जोडली होती. नंतर कृत्रिम नळ्या आल्या.

पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या, वय झालेल्या पुरुषांचा. केईएममध्ये मात्र वेगळंच दिसत होतं. तिथे महाधमनीचा त्रास घेऊन तरुण पेशंट यायचे, त्यात मुली आणि बायकाही. हातात बीपी प्रचंड वाढलेलं, पायाची नाडी मात्र जेमतेम लागायची. यातल्या बऱ्याच जणांची महाधमनी फुगलेली नव्हती, तर सुजेमुळे आतून अरुंद झाली होती. किडनीला रक्त कमी पडायचं आणि त्यामुळे बीपी आणखी चढायचं.

सेन, डॉ. जी. बी. परुळकर आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये या प्रकारावर लेख लिहिला. त्याला त्यांनी नाव दिलं 'मिडल एओर्टिक सिंड्रोम', म्हणजे महाधमनीच्या मधल्या भागाचा आजार. हे नाव आजही जगभरातले डॉक्टर वापरतात. १९७३ मध्ये त्यांनी १०१ पेशंटच्या अभ्यासावर अख्खं पुस्तकच काढलं.

याचा उपयोग काय झाला? पंचविशीतल्या बाईचं बीपी वाढलंय म्हटल्यावर नुसती गोळी देऊन घरी पाठवायचं नाही, तिच्या पायाची नाडी बघायची, हे यातून ठसलं. कारण आजार ओळखला तर उपाय होता. सूज असेल तर औषधं, आणि गरज पडली तर अरुंद भागाला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देणारी बायपास. आता काही पेशंटमध्ये फुग्याने वाट मोकळी करता येते.

त्या काळात खानदेशात मेडिकल कॉलेजही नव्हतं. अशा ऑपरेशनसाठी जळगाव-धुळ्याच्या माणसाला मुंबईच गाठावी लागायची. आज दोन्ही शहरांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पोटातल्या महाधमनीचा फुगा साध्या सोनोग्राफीत दिसतो. साधारण साडेपाच सेंटिमीटरपर्यंत वाढला की ऑपरेशनचा विचार होतो. १९९० नंतर जांघेतून नळी सरकवून, पोट न उघडता उपचार करण्याची सोयही आली. त्यामुळे घरात साठी ओलांडलेले, वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढणारे कुणी असतील, किंवा भावाला-वडिलांना हा आजार झालेला असेल, तर डॉक्टरांना एकदा विचारायला हरकत नाही. अचानक पोटात-पाठीत जोराची कळ येऊन चक्कर आली, तर सकाळची वाट बघू नका.

सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं. भारतात ब्रेन डेथला मान्यता देणारा कायदा १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हार्ट ट्रान्सप्लांट झालं. ते बघायला सेन नव्हते. पण तरुण पेशंटचं बीपी जास्त दिसल्यावर एखादा डॉक्टर आज पायाची नाडी चाचपतो, त्यामागे केईएममधल्या त्या कामाचाही वाटा आहे.